वाया जाणाऱ्या उष्णतेतून गारवा: यात आवाज नेमकं काय करतो?

उन्हाळा आला की ‘आवाजावर चालणारा एसी’ असे मथळे मोबाइलवर फिरू लागतात. कंप्रेसर नाही, एसीतला गॅस नाही, विजेचं बिल नाही. फक्त आवाज आणि फुकटची उष्णता. वाचणारे निम्मे म्हणतात थोतांड आहे, उरलेले विचारतात आपल्याकडे कधी मिळणार. यंत्र खरं आहे. त्यामागचं विज्ञान दीडशे वर्षांहून जुनं आहे आणि मुंबई परिसरात त्याला जागाही आहे. मात्र ती जागा बॉयलरच्या चिमणीपाशी आहे, घराच्या खिडकीत ते बसणार नाही. असं का, हे समजायला थोडं मुळापासून सुरू करावं लागेल.

उष्णता वाया जाते म्हणजे किती?

डिझेल इंजिनात जाळलेल्या तेलातल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग कामाला येतो. एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि उरलेला बराचसा रेडिएटरच्या पाण्यात जातो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचे बॉयलर, मोठ्या हॉटेलांच्या आणि रुग्णालयांच्या लाँड्रीचे बॉयलर, डाइंगची युनिटं, या सगळ्यांच्या चिमणीतून साधारण १८० ते २५० अंश सेल्सिअसचा धूर सतत आकाशात जात असतो. गंमत म्हणजे त्याच इमारतीच्या दुसऱ्या टोकाला चिलर, म्हणजे एसीसाठी पाणी गार करणारं यंत्र, चालू असतो आणि गारव्यासाठी वीज ओढत असतो. एकीकडे उष्णता फेकायची आणि दुसरीकडे गारवा विकत घ्यायचा, हा व्यवहार डोळ्यांत खुपणारा आहे. ध्वनियंत्र या दोन टोकांना जोडायचा प्रयत्न करतं.

आवाज म्हणजे दाबाची ये-जा, आणि तापमानाचीही

सायकलमध्ये हवा भरताना पंपाची नळी खालच्या बाजूला गरम होते, कारण हवा दाबली की तापते. टायरचा व्हॉल्व्ह दाबून हवा सोडली की बाहेर येणारी हवा बोटाला गार लागते, कारण हवा पसरली की थंड होते. आवाजात हेच सेकंदाला शेकडो वेळा घडतं. आवाजाची लाट जिथून जाते तिथली हवा आधी दबते आणि मग पसरते, म्हणून ती क्षणभर तापते आणि क्षणभर निवते.

आपल्याला हे जाणवत नाही, कारण बदल फारच सूक्ष्म असतो. साध्या बोलण्यात हवेचं तापमान एका अंशाच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाने वरखाली होतं असं म्हटलं तर खोटं ठरणार नाही. पण जाड पोलादी नळीत हेलियम वायू वातावरणाच्या तीसपट दाबाने भरला आणि त्या दाबात पाच टक्के चढउतार होईल इतका जोरकस आवाज आत घुमवला, तर प्रत्येक लाटेबरोबर वायूचं तापमान सहाएक अंशांनी वर आणि तितकंच खाली जातं. सहा अंश म्हणजे कामाला येण्याजोगा फरक.

उष्णतेतून आवाज कसा निघतो

काचेच्या नळ्या फुंकून भांडी बनवणाऱ्या कारागिरांना हे फार पूर्वी माहीत होतं: तापलेला काचेचा गोळा थंड नळीच्या टोकाला असला की कधीकधी नळी आपोआप वाजू लागते. १८५० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कार्ल सोंडहाउस यांनी याचा पद्धतशीर अभ्यास केला. १८५९ मध्ये नेदरलँड्सच्या पीटर रिके यांनी दोन्ही टोकं उघडी असलेल्या उभ्या नळीत तापलेली तारेची जाळी ठेवून नळी वाजवून दाखवली. कारण नेमक्या शब्दांत सांगितलं ते लॉर्ड रॅले यांनी, १८७८ मध्ये: हवा सर्वांत दाट असण्याच्या क्षणी तिला उष्णता दिली, किंवा सर्वांत विरळ असण्याच्या क्षणी तिच्यातून उष्णता काढली, तर कंपन वाढतं.

आजचं यंत्र याच नियमावर चालतं. नळीत बारीक छिद्रांच्या जाळीचा गठ्ठा बसवतात. त्याचं एक टोक चिमणीच्या उष्णतेने तापवतात, दुसरं टोक पाण्याने थंड ठेवतात. आतल्या वायूचा एखादा पुंजका गरम टोकाकडे सरकतो तेव्हा तो दाबलाही जात असतो; तिथे त्याला उष्णता मिळते आणि दाब आणखी वाढतो. परत थंड टोकाकडे येताना तो पसरत असतो. तिथे उष्णता निघून जाते आणि दाब आणखी पडतो. प्रत्येक फेरीत लाटेला थोडी शक्ती मिळत जाते आणि आवाज वाढत जातो, तो थेट नळीत होणारी घट आणि मिळणारी शक्ती बरोबरीची होईपर्यंत.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे दाखवता येतं. उष्णता सहन करणारी, सतरा सेंटिमीटर लांब परीक्षानळी घ्यायची. बंद टोकापासून साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर बारीक छिद्रांच्या सिरॅमिक जाळीचा तुकडा घट्ट बसवायचा. गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये असते तशी जाळी चालते. बंद टोकाकडची जाळीची बाजू स्पिरिटच्या दिव्याने तापवायची. फरक पुरेसा झाला की नळी ५०० हर्ट्झच्या आसपास एकदम वाजू लागते. काही वेळाने दिवा चालू असूनही आवाज बंद पडतो, कारण उष्णता जाळीतून झिरपत दुसऱ्या टोकाला पोचते आणि दोन टोकांमधला फरकच उरत नाही. उघड्या टोकाकडच्या बाजूला ओलं फडकं गुंडाळलं की आवाज जास्त टिकतो. मात्र पाणी तापलेल्या काचेवर ओघळलं तर नळी तडकते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच.

आणि आवाजातून गारवा?

आता तोच आवाज दुसऱ्या एका जाळीच्या गठ्ठ्यातून जाऊ द्यायचा. इथे बाहेरून उष्णता देत नाहीत. वायूचा पुंजका उजवीकडे सरकताना दाबला जातो, जाळीपेक्षा गरम होतो आणि थोडी उष्णता जाळीला देतो. डावीकडे परतताना पसरतो, जाळीपेक्षा थंड होतो आणि तिथून थोडी उष्णता उचलतो. म्हणजे प्रत्येक फेरीत डावीकडची चिमूटभर उष्णता उजवीकडे जाते.

पुंजका जेमतेम काही मिलिमीटर हलतो, मग उष्णता गठ्ठ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचते कशी? स्लॅब पडताना काँक्रीटची घमेली वर जातात तशी. शिडीवरचा कुणीच आपली पायरी सोडत नाही. खालच्याकडून घमेलं घ्यायचं, वरच्याला द्यायचं. तरी काँक्रीट चौथ्या मजल्यावर पोचतं. इथे एका पुंजक्याने जाळीवर ठेवलेली उष्णता शेजारचा पुंजका उचलतो आणि पुढे ठेवतो. हे सेकंदाला शंभर वेळा चालतं. उजवं टोक पाण्याने सतत थंड केलं की डावं टोक खोल्यांच्या एसीसाठी पाणी गार करण्याइतकं किंवा बर्फ जमवण्याइतकं थंड होतं.

उष्णतेतून आवाज करणारा गठ्ठा आणि आवाजातून गारवा करणारा गठ्ठा एकाच बंद नळीत बसवले की झालं यंत्र. यात हलतो तो फक्त वायू.

यंत्र उघडून पाहिलं तर

हेलियममध्ये आवाज सेकंदाला सुमारे हजार मीटर जातो, हवेत ३४३ मीटर. शंभर हर्ट्झला हेलियममधल्या लाटेची लांबी दहा मीटर होते, म्हणून ही यंत्रं वाटतात त्यापेक्षा लांबलचक असतात. पाइप वळवून गोल किंवा चौकोनी कडं करावं लागतं. जाळीचा गठ्ठा म्हणजे बहुधा स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारजाळीच्या शेकडो चकत्या एकावर एक दाबून बसवलेल्या. छिद्रं किती बारीक हवीत, हे मनाला येईल तसं ठरत नाही. तीस वातावरण दाबाच्या हेलियममध्ये, शंभर हर्ट्झच्या एका आंदोलनात उष्णता सुमारे ०.१४ मिलिमीटर इतकीच आत शिरू शकते. छिद्रं याहून फार मोठी असली तर मधला वायू जाळीशी देवाणघेवाण न करताच ये-जा करतो आणि सगळी मेहनत फुकट जाते.

१९७९ मध्ये पीटर सेपर्ली यांनी दाखवलं की लाट नळीत जागच्या जागी डोलण्याऐवजी एका दिशेने धावली, तर वायूचं चक्र बाहेरून उष्णता देऊन चालवायच्या जुन्या स्टर्लिंग इंजिनासारखंच होतं आणि कार्यक्षमता बरीच वाढू शकते. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत स्कॉट बॅकहाउस आणि ग्रेग स्विफ्ट यांनी असं इंजिन बांधलं. दिलेल्या उष्णतेचा तीस टक्के भाग त्यांनी आवाजात आणून दाखवला. पुढे एकाच कड्यात चार-चार गठ्ठे बसवायची पद्धत आली. त्यामुळे कमी तापमानाच्या उष्णतेवरही यंत्र सुरू होऊ लागलं, आणि नेदरलँड्समधल्या साउंडएनर्जी कंपनीने २५ किलोवॅट, म्हणजे सुमारे सात टन गारव्याचं यंत्र मांडलं.

यंत्राचा दुसरा अर्धा भाग, आवाजातून गारवा करणारा, तर त्याआधीच कसाला उतरला होता. स्टीव्हन गॅरेट यांचा ध्वनिशीतक जानेवारी १९९२ मध्ये डिस्कव्हरी यानातून अवकाशात जाऊन आला. जेम्स वेब दुर्बिणीतलं एक उपकरण सात केल्व्हिनच्या खाली, म्हणजे उणे २६६ अंशांपर्यंत थंड ठेवावं लागतं. त्या शीतकाचा पहिला टप्पा पल्स ट्यूबचा (दाबाच्या लहरींनी थंड होणाऱ्या नळीचा) आहे, म्हणजे याच घराण्यातला. पवईच्या आयआयटीतही पल्स ट्यूबवर बरंच काम झालं आहे.

कुठे बिघडतं आणि का

यंत्रात बेअरिंग नाही, तेल नाही, म्हणून बिघाडच नाही, असं विकणारे सांगतात. ते पुरतं खरं नाही.

हेलियमचे अणू लहान आणि चपळ. साध्या रबरी गॅस्केटमधून तो हळूहळू निघून जातो, दाब उतरतो आणि गारवा कमी होत जातो. त्यावर उपाय म्हणजे शक्य तिथे वेल्डिंग आणि उरलेल्या सांध्यांना धातूची सील. भारतात हेलियम जवळजवळ सगळा आयात होतो, तेव्हा वारंवार भरणं परवडत नाही. आर्गॉन सहज मिळतो आणि त्यात आवाजाचा वेग कमी असल्याने नळीही आखूड होते, पण तेवढ्याच आकारात शक्ती कमी मिळते.

दुसरा दोष डोळ्यांना दिसत नाही. कड्याच्या आकाराच्या नळीत वायू नुसता पुढेमागे न होता हळूहळू एकाच दिशेने फिरू लागतो. हा मंद प्रवाह गरम टोकाची उष्णता थंड टोकाला नेऊन ओततो. १९९७ मध्ये डेव्हिड गेडिऑन यांनी याकडे लक्ष वेधलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. वाटेत लवचिक पातळ पडदा बसवतात. आवाज पार होतो, प्रवाह अडतो. हा पडदा फाटला की यंत्र चालू दिसतं, घुमतंही, पण पाणी गार होत नाही. गारवा अचानक अर्ध्यावर आला तर आधी पडदा तपासावा.

तिसरी अडचण उष्णता देण्याघेण्याच्या नळ्यांची. नेहमीच्या चिलरमध्ये पृष्ठभाग वाढवला की उष्णता जास्त जाते. इथे वायू काही मिलिमीटर ते फार तर एक-दोन सेंटिमीटर ये-जा करतो. नळ्यांचा थर त्याहून लांब केला तर जादा लांबी नुसती अडथळा होऊन बसते. म्हणून हा भाग आखूड आणि दाट करावा लागतो, आणि यंत्राचा बराच खर्च इथेच जातो.

चिमणीच्या बाजूला काजळीचा थर बसतो. बॉयलरमध्ये जाळायच्या फर्नेस ऑइलमध्ये गंधक असतं. धूर साधारण १२० ते १५० अंशांच्या खाली नेला तर आम्ल दवासारखं जमतं आणि नळ्या खातं. म्हणून धुरातली सगळी उष्णता कधीच काढता येत नाही. हिशेब करताना ही मर्यादा लोक विसरतात.

‘मुंबईच्या गोंगाटावर चालेल का?’

हा प्रश्न हमखास येतो. उत्तर: नाही. नव्वद डेसिबलचा गोंगाट म्हणजे कान किटवणारा. त्यात दर चौरस मीटरला फक्त एक हजारांश वॅट शक्ती असते. दीड टनाचा एसी पाच हजार वॅटहून जास्त गारवा देतो. कानाला त्रास व्हायला शक्ती फार लागत नाही. खोली गार करायला लागते. या यंत्रातला आवाज बाहेरून घेत नाहीत, तो आत उष्णतेतून निर्माण होतो.

‘मग शेजाऱ्यांचे कान फुटतील’

आतली पातळी १९० डेसिबलच्या वर जाते, हे खरं. पण तो आवाज जाड पोलादात कोंडलेला असतो. बाहेर येते ती मंद घरघर, आणि खरी काळजी कंपनाची. यंत्र इमारतीच्या स्लॅबला थेट बोल्ट केलं तर वरच्या मजल्यावर जाणवेल. कंपन शोषणारे पॅड आणि पाण्याच्या पाइपांना लवचिक जोड दिले की प्रश्न सुटतो.

‘फुकटची उष्णता, मग फुकटचा गारवा?’

इथे आकडे मांडायलाच हवेत. समजा यंत्राला २०० अंशांवर १०० किलोवॅट उष्णता मिळते आणि ते ४० अंशांच्या आसपास उष्णता टाकतं. निसर्गनियमाने यातून जास्तीत जास्त ३४ टक्के काम निघू शकतं. चांगलं यंत्र त्याच्या चाळीस टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे सुमारे साडेतेरा किलोवॅट आवाज. त्यातून ७ अंशांचं पाणी करताना दुपटीहून किंचित जास्त गारवा धरला, तर २८ किलोवॅट, आठ टन. उष्णतेमागे मिळणाऱ्या गारव्याच्या या प्रमाणाला सीओपी म्हणतात. इथे तो ०.२८.

पण आठ टन गारवा मिळाला म्हणजे २८ किलोवॅट वीज वाचली असं नाही. तेवढा गारवा विजेवरचा चांगला चिलर सहा-सव्वासहा किलोवॅटमध्ये देतो. वर्षाला ६,००० तास यंत्र चाललं तर सुमारे ३७ हजार युनिट. युनिटला १० रुपये धरले तर पावणेचार लाख रुपये. त्यातून पंप आणि पंख्यांची वीज वजा करायची. बचत चांगली आहे, पण यंत्राची किंमत याच रकमेशी ताडून पाहायची.

दुसरी गोष्ट कोटेशनमध्ये सहसा ठळक नसते. आत घेतलेली १०० आणि पाण्यातून काढलेली २८, अशी १२८ किलोवॅट उष्णता शेवटी कूलिंग टॉवरला (पाण्याची वाफ करून उष्णता हवेत सोडणाऱ्या गच्चीवरच्या टॉवरला) बाहेर टाकावी लागते. विजेच्या चिलरला फक्त ३४. टॉवर जवळपास चौपट लागतो, आणि पावसाळ्यात मुंबईची हवा इतकी दमट असते की टॉवरचं पाणी नीट निवत नाही. ज्या महिन्यांत टॉवर थकतो त्या महिन्यांत गारवाही घटतो. गच्चीवर जागा आणि पाण्याची सोय नसेल तर विषय तिथेच संपतो.

‘उष्णतेवर चालणारे चिलर आधीच मिळतात ना?’

मिळतात, आणि चांगले मिळतात. लिथियम ब्रोमाइडचे ॲब्सॉर्प्शन चिलर (पाण्याची वाफ या मिठाच्या द्रावणात शोषून गारवा करणारे) पुण्याची थरमॅक्स अनेक वर्षं बनवते आहे. साध्या एकपदरी चिलरचा सीओपी ०.७ च्या आसपास असतो. त्याच १०० किलोवॅटमध्ये वीस टन. ७ अंशांचं पाणी मोठ्या प्रमाणात हवं असेल तर आज सरळ तोच घ्यावा, त्यात दुमत नसावं.

ध्वनियंत्राची बाजू तीन ठिकाणी भक्कम होते. लिथियम ब्रोमाइडच्या चिलरमध्ये एसीतल्या गॅसचं काम पाणीच करतं, म्हणून शून्याखाली तो जाऊ शकत नाही, ध्वनियंत्र जातं. ॲब्सॉर्प्शनला आत कायम निर्वात जपावं लागतं आणि मीठ गोठून बसण्याचा धोका असतो. इथे दोन्ही नाही. आणि पाच-दहा टनांच्या छोट्या गरजेसाठी शून्याखाली जाणारं अमोनियाचं यंत्र वस्तीत ठेवणं धोक्याचं. हेलियम विषारी नाही, पेट घेत नाही, हवामान तापवत नाही. एसीत सर्रास असलेला आर-३२ वायू हवामान तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट आहे, जुना आर-४१०ए दोन हजार पटींहून जास्त. किगाली करारानुसार भारताला २०२८ पासून अशा वायूंचा वापर गोठवायचा आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवायचा आहे. अशा वायूंशिवाय चालणारे पर्याय आताच तपासून ठेवणं म्हणूनच शहाणपणाचं आहे.

मग मुंबईत कुठे?

घरांना नाही, घरात सतत २०० अंशांची उष्णता कुठून आणणार? डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटरही नाही, कारण मुंबईत वीज क्वचित जाते आणि यंत्र वर्षभर रिकामं बसेल. डेटा सेंटरची उष्णता भरपूर असते, पण ४०-५० अंशांचीच, आणि या कामाला ती फार कोमट.

एक जागा मात्र मनापासून विचार करण्यासारखी वाटते: ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावरून निघणारे ट्रॉलर. कोळी बांधव कित्येक दिवसांचा बर्फ फोडून, कप्प्यांत भरून नेतात. परतेपर्यंत बराच वितळतो आणि मासळीचा भाव पडतो. १०० अश्वशक्तीच्या इंजिनाच्या धुरातून तीसएक किलोवॅट उष्णता काढता आली आणि सीओपी ०.२ धरला, तरी सहा किलोवॅट गारवा होतो. तीस अंशांच्या गोड्या पाण्याचा एक किलो बर्फ करायला सुमारे ४६० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. त्या हिशेबाने तासाला सत्तेचाळीस किलोच्या आसपास. पण बोटीवर गोडं पाणी मोजकं असतं. म्हणून बर्फ करण्यापेक्षा नेलेला बर्फ वितळू न देता कप्प्याच्या भिंती शून्याखाली ठेवणं जास्त सोयीचं. आणि ज्या १२८ किलोवॅटच्या हिशेबाने गच्चीवरचा टॉवर अडतो, ती अडचण इथे नाही. खाली सगळा समुद्र आहे. अडचणी वेगळ्या आहेत: खारं पाणी साध्या पोलादाला खातं, जाड नळ्यांचं वजन तळाशी ठेवावं लागतं, आणि धुराच्या वाटेत नळ्या घातल्या की इंजिनावर उलटा दाब येतो, जो इंजिन बनवणाऱ्याच्या मर्यादेत राहायला हवा.

कारखान्यात किंवा बोटीवर, कुणी असं यंत्र दाखवायला आलं तर आधी स्वतःची मोजणी करून घ्या. चिमणीत थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवून निदान पंधरा दिवस दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवा. सरासरी फसवी असते, १५० अंशांच्या वर किती तास होते ते मोजा. गारवा नेमका किती अंशांचा हवा ते लिहून काढा. मग विकणाऱ्याला विचारा की सांगितलेला सीओपी कोणत्या तीन तापमानांवर आहे: उष्णतेचं, गारव्याचं आणि कूलिंग टॉवरच्या पाण्याचं. तिसरा आकडा वीस-बावीस अंश असेल तर तो युरोपातल्या हवेचा आहे. जुलैतल्या मुंबईसाठी बत्तीस-तेहतीस अंशांवरचा आकडा लेखी मागा.